फाशांचे इंडी गेम: खेळायचे कसे आणि डेव्हलपरला फीडबॅक द्यायचा कसा

तीन-चार महिन्यांपूर्वी कॉलेजमधल्या एका ज्युनियरने मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली. "दादा, माझा गेम आहे. खेळून बघ ना." किल्ला राखायचा गेम होता. दर टर्नला पाच फासे पडतात, ते तोफेवर, बुरुजावर, तटावर ओढून ठेवायचे आणि चढून येणाऱ्या फौजेला थोपवायचं. ऑफिसच्या बसमध्ये मी चार डाव खेळलो. चारही वेळा तिसऱ्या लाटेत किल्ला पडला. बसमधून उतरता उतरता मी त्याला लिहिलं, "भारी आहे रे. पण तिसऱ्या लाटेत फासे मुद्दाम खराब पडतात. रीरोल वाढव."

या दोन वाक्यांपायी त्याचे तीन आठवडे फुकट गेले. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर लोकांचे बग रिपोर्ट वाचून वैतागतो, आणि तरी मी हे असं लिहिलं. काय चुकलं ते पुढे सांगतो. आधी हे गेम चालतात कसे ते बघू, कारण ते कळल्याशिवाय फीडबॅक देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

हे गेम असतात कसे

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय एकट्याने किंवा दोन-चार जणांनी मिळून बनवलेला गेम. फाशांवर चालणाऱ्या इंडी स्ट्रॅटेजी गेमचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'डायसी डंजन्स'. आयर्लंडचा टेरी कॅव्हनाघ हा त्याचा डेव्हलपर. 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' आणि 'सुपर हेक्सागॉन' हे त्याचे आधीचे गेम. डायसी डंजन्सची सुरुवात २०१८ मध्ये झाली, सात दिवसांत गेम बनवायच्या एका ऑनलाइन चॅलेंजमध्ये. मग अर्धवट आवृत्त्या लोकांना खेळायला देत देत तो वाढत गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॉम्प्युटरवर आणि २०२२ मध्ये अँड्रॉइड-आयफोनवर आला. संगीत चिपझेलचं, चित्रं मार्लो डॉब हिची. म्हणजे एवढ्या गाजलेल्या गेममागे मुख्य माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यात तुम्ही स्वतःच एक चालता-बोलता फासा असता. समोर शत्रू, तुमच्याकडे काही हत्यारं. टर्न सुरू झाली की आधी फासे पडतात. मग कोणता फासा कोणत्या हत्यारात टाकायचा ते तुम्ही ठरवता. तलवारीत कुठलाही फासा चालतो, जितका आकडा तितका मार. खंजिरात ३ पर्यंतचाच फासा जातो, पण तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. मोठ्या कुऱ्हाडीत ४ पर्यंतचा फासा चालतो आणि मार दुप्पट बसतो. एक उलथनंही आहे. ते फासा उलटा करतं, म्हणजे १ चा ६ होतो, २ चा ५. (फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी ७ असते, घरचा लुडोचा फासा हातात घेऊन बघा.) सहा पात्रं आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. त्यातला रोबो मला सगळ्यात आवडतो. तो एकेक फासा मागत जातो, ठरलेल्या आकड्यावर बरोबर पोचला तर जॅकपॉट, आणि एकाने जरी पुढे गेला तरी सिस्टिम बंद.

दुसरा गेम 'स्लाइस अँड डाइस'. तो तर पाच योद्ध्यांचे पाच फासे देतो आणि प्रत्येक फाशाच्या सहा बाजू वेगवेगळ्या. शत्रू काय करणार ते आधी दिसतं, दोनदा रीरोल मिळतं, आणि फासे पक्के केल्यानंतर केलेली चाल कितीही वेळा मागे घेता येते. फोनवर एका हाताने खेळायला हा जास्त सोपा.

आधी दान की आधी निर्णय

गेम डिझाइन करणारे लोक नशिबाचे दोन प्रकार करतात. इनपुट रँडमनेस म्हणजे आधी दान पडतं, मग तुम्ही ठरवता. लुडो घ्या किंवा आजीच्या काळातला सारीपाट घ्या, आधी दान, मग कुठली सोंगटी हलवायची त्याचा विचार. आउटपुट रँडमनेस म्हणजे उलटं. 'रिस्क' या बोर्ड गेममध्ये तुम्ही आधी हल्ला ठरवता, मग फासे टाकता. हल्लेखोराचे तीन फासे, बचाव करणाऱ्याचे दोन, आणि बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो. गणित केलं तर हल्लेखोर दोन्ही जिंकण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, एक-एक जाण्याची ३४ टक्के आणि दोन्ही हरण्याची २९ टक्के येते. म्हणजे निर्णय बरोबर असूनसुद्धा दहातल्या जवळपास तीन वेळा तोंडावर आपटायचं.

हा फरक फीडबॅक देताना फार कामाचा आहे. आधी निर्णय घेऊन मग हरलो की राग फाशावर निघतो. आधी फासे दिसले आणि तरी हरलो, तर निदान निम्मी चूक आपली असते, फक्त ती आपल्याला दिसलेली नसते. माझ्या ज्युनियरचा गेम दुसऱ्या प्रकारात बसणारा, म्हणजे आधी दान. मी राग मात्र पहिल्या प्रकारचा काढला.

सरासरी फसवते

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीच्या पुढे जाणार नाही.

तलवारीत एक फासा टाकला तर सरासरी मार ३.५. कुऱ्हाडीचं बघू: १, २, ३, ४ पडले तर मार २, ४, ६, ८, आणि ५ किंवा ६ पडला तर शून्य. बेरीज २०, भागिले ६, म्हणजे ३.३३. मग तलवार चांगली? कागदावर हो. खेळताना नाही, कारण तुमच्याकडे एकच फासा नसतो आणि कुठला फासा कुठे टाकायचा ते तुमच्या हातात असतं.

समजा हातात ४ आणि २ आहेत आणि दोन्ही हत्यारं आहेत. ४ तलवारीत आणि २ कुऱ्हाडीत टाकला तर ४ अधिक ४, एकूण ८. उलटं केलं तर कुऱ्हाड ८ आणि तलवार २, एकूण १०. तेच फासे आणि तीच हत्यारं असून दोनचा फरक पडला. नवीन खेळाडू मोठा आकडा दिसला की थेट तलवारीत कोंबतो. आता ६ आणि ५ पडले तर? बहुतेक जण खूश होतात, पण कुऱ्हाड रिकामी राहते आणि ५ वाया जातो. डायसी डंजन्समधल्या योद्ध्याकडे टर्नला तीन रीरोल असतात. तीन प्रयत्नांत त्या ५ चा ४ किंवा त्याखालचा आकडा येण्याची शक्यता २७ पैकी २६, म्हणजे ९६ टक्क्यांहून जास्त. म्हणजे चांगलं दिसणारं दान मोडून पुन्हा टाकणं हीच इथे योग्य चाल.

असे गेम खेळताना मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. हरल्यावर लगेच 'पुन्हा खेळा' दाबत नाही. शेवटच्या टर्नचे फासे दुसऱ्या कुठल्या पद्धतीने लावता आले असते का, हे अर्धा मिनिट बघतो. जमलं असतं असं दिसलं तर तो डाव मी हरलो. नसतं जमलं तर त्याच्या आधीची टर्न. तीन टर्न मागे जाऊनही वाट सापडली नाही, तर मात्र डेव्हलपरला लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

"फासे फिक्स आहेत भाऊ"

ही तक्रार आपल्याकडे शकुनीइतकी जुनी. लुडोच्या कुठल्याही ॲपचे रिव्ह्यू उघडा, दर चौथा-पाचवा माणूस हेच म्हणताना दिसेल. म्हणून एक हिशोब करून ठेवू.

लुडोत सोंगटी बाहेर काढायला ६ लागतो. सलग दहा टर्न एकदाही ६ न पडण्याची शक्यता १६ टक्के. छोटी वाटते ना? पण खेळणारे चार जण असतात. चौघांपैकी कुणा ना कुणाला सुरुवातीच्या दहा टर्नमध्ये एकदाही ६ न मिळण्याची शक्यता जवळपास ५१ टक्के होते. म्हणजे दर दोन डावांत एकदा तरी कोपऱ्यात एक जण चारही सोंगट्या घरात ठेवून चिडलेला बसणारच, आणि त्याला फासे फिक्स आहेत याची खात्री पटलेली असणार. फासा पूर्णपणे प्रामाणिक असतानाही.

फोनमधला फासा म्हणजे खरं तर एक सूत्र. एका सुरुवातीच्या आकड्यापासून, ज्याला सीड म्हणतात, ते पुढचे आकडे काढत जातं. सीड तोच दिला तर दानंही तीच त्याच क्रमाने पडतात. चांगलं सूत्र असेल तर आकड्यांची वाटणी खऱ्या फाशाइतकीच निःपक्ष असते. तपासून बघायचंच असेल तर दानं लिहून काढा, पण ६० लिहून थांबू नका. ६० वेळा फासा टाकला तर प्रत्येक आकडा सरासरी १० वेळा यायला हवा, पण पाच वेळा किंवा पंधरा वेळा आला तरी ते नॉर्मल आहे. ६०० वेळा टाकून ६ हा आकडा शंभरच्या जागी साठच वेळा आला, तर मग जरूर विचारा.

गंमत अशी की काही गेम खरंच लबाडी करतात, पण खेळाडूच्या बाजूने. 'सिव्हिलायझेशन'वाला सिड मायर २०१० मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यावर बोलला होता. तीनास एक अशी ताकद असताना चौथ्यांदा हरलं की खेळाडू भडकतात, गणिताने ते बरोबर असलं तरी. म्हणून आकडे माणसाच्या भावनेला सांभाळून घ्यावे लागतात. 'फायर एम्ब्लेम' मालिकेत २००२ च्या गेमपासून नेम लागतो की नाही हे ठरवायला दोन रँडम आकड्यांची सरासरी घ्यायला सुरुवात झाली. स्क्रीनवर ९० टक्के दिसतं, प्रत्यक्षात नेम ९८ टक्के वेळा लागतो. 'एक्सकॉम'च्या सोप्या लेव्हलवरही नेम चुकत गेला की आतल्या आत मदत मिळते.

तेव्हा "मला हे अन्यायाचं वाटलं" हा फीडबॅक सोन्यासारखा आहे. डेव्हलपरला तुमच्या डोक्यात शिरता येत नाही, ते तुम्हीच सांगू शकता. "फासे फिक्स आहेत" हा मात्र आरोप आहे, आणि त्याला पुरावा लागतो. मी दिला होता तो आरोप, चार डावांच्या जोरावर.

माझ्या दोन वाक्यांचं पुढे काय झालं

ज्युनियरने माझं ऐकलं. मी सीनियर, वर नोकरी करणारा, ऐकणारच. त्याने रीरोल एकाचे तीन केले. आता सगळेच शेवटच्या लाटेपर्यंत पोचायला लागले, आणि दुसऱ्या टेस्टरने लिहिलं, "आता बोअर होतोय." मग त्याने फौज वाढवली. मग पहिलीच लाट जड झाली. मग पहिली हलकी केली. असं करत करत तीन आठवडे गेले. कॉलेजचं सबमिशन सांभाळून रात्री जागून करत होता हे सगळं.

एका रविवारी तो घरी आला. मी त्याच्यासमोर गेम उघडला आणि खेळायला लागलो. तो काही बोलला नाही, फक्त बघत होता. पाच-सात मिनिटांनी म्हणाला, "दादा, तू तट दुरुस्त का करत नाहीस?"

मी म्हटलं, "करता येतो?"

सारखे आकडे पडलेले दोन फासे तटाखालच्या चौकटीत टाकले की तटबंदी भरून निघते, असा नियम होता. चौकटीखाली तसं लिहिलेलंही होतं. पण त्याच्या फोनवर जेश्चर नेव्हिगेशन, आणि माझ्या फोनवर मी अजून जुनी तीन बटणांची पट्टी ठेवली आहे. ती पट्टी नेमकी त्या ओळीवर आणि अर्ध्या चौकटीवर बसत होती. मला ती चौकट म्हणजे तटाची नक्षी वाटली होती.

आता गणित बघा. पाच फाशांत निदान दोन सारखे पडण्याची शक्यता जवळपास ९१ टक्के. म्हणजे दहातल्या नऊ टर्नला फासे मला दुरुस्तीचं दान देत होते आणि मी ते न घेता त्यांनाच शिव्या घालत होतो. त्याने अख्ख्या गेमचा तोल याच दुरुस्तीवर बसवला होता.

गडबड होती एका चौकटीच्या जागेत, आणि मी औषध सुचवलं रीरोलचं. डॉक्टरकडे जाऊन "पोटात दुखतंय" म्हणण्याऐवजी "ही अमुक गोळी द्या" म्हणण्यासारखं. मी जर फक्त एवढंच लिहिलं असतं की "चारही वेळा तिसऱ्या लाटेत तट पडला, तट वाचवायला काय करायचं ते मला कळलं नाही", तर पाच मिनिटांत त्याच्या लक्षात आलं असतं.

मग लिहायचं काय

पहिला डाव महत्त्वाचा, कारण तो एकदाच मिळतो. नियम कळल्यानंतर 'न कळलेला माणूस' पुन्हा होता येत नाही. त्यामुळे नवीन गेमचा पहिला डाव मी आता स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून खेळतो. अँड्रॉइड ११ पासून आणि आयफोनवर ही सोय फोनमध्येच आहे. जमलं तर मोठ्याने बोलत खेळतो: "हे काय आहे… हे दाबून बघतो… अरे, हे तर गेलं." बसमध्ये लोक बघतात, पण डेव्हलपरसाठी या बडबडीची किंमत कुठल्याही स्टार रेटिंगपेक्षा जास्त आहे. रेकॉर्डिंग पाठवण्याआधी त्यात मेसेजची नोटिफिकेशन्स दिसत नाहीत ना ते बघा, किंवा आधीच डू नॉट डिस्टर्ब लावा.

लिहिताना क्रम असा ठेवतो: मी काय करायला गेलो, मला काय होईल असं वाटलं, आणि प्रत्यक्षात काय झालं. सोबत फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि गेमची आवृत्ती. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि मग डेव्हलपर दोन दिवस असा बग शोधत बसतो जो त्याने मागच्याच अपडेटमध्ये काढलेला असतो. गेम सीड दाखवत असेल तर तो कॉपी करून द्या. फाशांच्या गेममध्ये याला तोड नाही, कारण त्याच सीडवर डेव्हलपर तुमचाच डाव, तुमचीच दानं परत टाकून बघू शकतो.

नंतरच्या घडवलेल्या चालीत मी हे पाठवलं होतं, नमुना म्हणून देतो: "आवृत्ती ०.४.२. पाचवी लाट, दुसरी टर्न. हातात ६, ६, २, २, १. दोन ६ तटात टाकले, वाटलं मोठ्या जोडीने जास्त दुरुस्ती होईल. २ च्या जोडीइतकीच झाली. नियम तसाच असेल तर ठीक, पण मला फसल्यासारखं वाटलं." यात उपाय एकही नाही. त्याने काय करायचं ते त्याने ठरवलं. जोडी तटावर धरली की किती दुरुस्ती होणार तो आकडा आता आधी दिसतो. मी सुचवलं असतं तर 'मोठ्या जोडीला जास्त दुरुस्ती' असं काहीतरी सुचवलं असतं आणि पुन्हा सगळा तोल बिघडला असता.

सुचवायचंच नाही असं नाही. पण सूचना वेगळी लिहा, खाली, "हे फक्त माझं मत" म्हणून. आणि काय आवडलं तेही सांगा. मी हे तोंडदेखल्या कौतुकासाठी म्हणत नाही. पुढच्या अपडेटमध्ये काय मोडायचं नाही हे त्याला त्यातूनच कळतं. "शेवटच्या फाशाला तट वाचला तेव्हा ओरडलोच" हे वाक्य त्याला सांगतं की ती लाट आहे तशीच ठेवायची.

मराठी अक्षरं फक्त आपल्यालाच दिसतात

त्याच्या गेमला मराठी भाषेचा पर्याय आहे, आणि त्यावर फीडबॅक देऊ शकतील अशी माणसं म्हणजे तुम्ही-आम्हीच. परदेशातल्या डेव्हलपरने मराठी दिली तर त्याला आपली अक्षरं तुटलेली आहेत हेही कळणार नाही.

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही, त्यांची जुळणी करावी लागते. सगळी गेम इंजिनं हे आपणहून करत नाहीत. गोडो इंजिनमध्ये ही सोय चौथ्या आवृत्तीपासून नीट आली, युनिटीत बरेच जण वापरतात त्या टेक्स्टमेश प्रोमध्ये ती मुळातून नव्हती. मग 'किल्ला'मधली वेलांटी क च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते, 'दुर्ग'मधला रफार ग च्या डोक्यावर न चढता सुटा र पाय मोडून उभा राहतो, 'दुसऱ्या' आणि 'चढणाऱ्या'मधल्या ऱ्या ची वाट लागते. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, आणि 'तोफ'चा 'ताफ' होतो. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात हीसुद्धा तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की आपलं वळण येतं.

इथे शब्दांत वर्णन करत बसू नका. स्क्रीनशॉट काढा, चुकलेल्या शब्दाभोवती गोल करा आणि शेजारी तो शब्द बरोबर टाइप करून पाठवा, म्हणजे समोरच्याला मराठी येत नसलं तरी कॉपी-पेस्ट करून ताडून बघता येईल.

पाठवायचं कुठे

प्ले स्टोअरवरचा रिव्ह्यू ५०० अक्षरांत संपतो आणि डेव्हलपरला उत्तराला ३५०. त्यात बग मावत नाही. शिवाय मोठ्या कंपनीला तुमच्या एका स्टारने फरक पडत नाही, पण ज्याचे एकूण रिव्ह्यूच वीस आहेत त्याची सरासरी एका फटक्यात खाली येते. गेम क्रॅश होतोय म्हणून रागाने एक स्टार देण्याआधी ॲपच्या पानावर खाली डेव्हलपरचा ईमेल असतो, तिथे लिहा. स्टार नंतरही देता येतात. आणि दिलेले असतील तर अपडेट आल्यावर बदलताही येतात, हे फार कमी जण करतात.

गेम अजून टेस्टिंगमध्ये असेल तर प्ले स्टोअरवरून पाठवलेला फीडबॅक फक्त डेव्हलपरला दिसतो, जगाला नाही. तेव्हा मोकळेपणाने लिहा. आयफोनवर टेस्टफ्लाइटमधला गेम खेळताना स्क्रीनशॉट काढला की तिथूनच फीडबॅक पाठवायचा पर्याय येतो. टेस्टफ्लाइटचा प्रत्येक बिल्ड ९० दिवसांत बंद पडतो, त्यामुळे "नंतर सावकाश लिहीन" तिथे चालत नाही.

अजून एक गोष्ट, जी तुमच्या ओळखीच्या एखाद्या डेव्हलपरच्या फार उपयोगाची आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर अकाउंटवरून प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं असेल तर आधी क्लोज्ड टेस्टिंग करावं लागतं. सुरुवातीला त्यासाठी २० टेस्टर लागायचे, २०२४ च्या डिसेंबरपासून १२ लागतात, आणि ते सलग १४ दिवस टेस्टमध्ये राहायला हवेत. म्हणजे कुणी "टेस्टर हो ना" म्हणून लिंक पाठवली आणि तुम्ही एक डाव खेळून तिसऱ्या दिवशी टेस्टमधून बाहेर पडलात, तर त्याचे बारा जण भरत नाहीत आणि त्याचं वेळापत्रक पुढे ढकललं जाऊ शकतं. गेम आवडला नाही तरी १४ दिवस आत राहा. मधेमधे उघडलात तर उत्तमच.

ज्युनियरने दुरुस्तीची चौकट वर सरकवली, रीरोल पुन्हा एकावर आणले, आणि आता त्याची क्लोज्ड टेस्ट चालू आहे. मी बारातला एक आहे. आज नववा दिवस. पाचवी लाट अजून मला गेलेली नाही, आणि या वेळी फाशांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.